मी तोडलेलं पाणी

वाइनच्या द्राक्षांना पोटभर पाणी द्यायचं नसतं. ऐकायला दुष्टपणा वाटतो, पण खरं आहे. भरपूर पाणी मिळालं की वेल फुटवे काढत सुटते, पानांचा पसारा मांडते, मणी टरारून फुगतात आणि आत सगळं पाणचट. तिला थोडी तहान लावली की ती वाढणं थांबवते, मणी बारके राहतात, आणि रंग, वास, चव जे काही असतं ते सालीत गोळा होतं. खाण्याच्या द्राक्षांचा बागायतदार मणी मोठा व्हावा म्हणून धडपडतो, आम्ही तो लहान राहावा म्हणून. 'थोडी तहान' एवढंच आमचं शास्त्र. त्यातला 'थोडी' हा शब्द एका वर्षी मी विसरले. बाग माझ्या सख्ख्या आत्याची होती.

हे लिहायला बसले की मी आधी टेबल आवरते, मग चहा करते, मग गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते. टाळाटाळ म्हणतात ती हीच.

आम्ही म्हैसूरचे, म्हणजे कैक पिढ्यांपासून इथलेच. घरात मराठी, पण ती ऐकून पुण्याचा माणूस दोन मिनिटं नुसता बघत राहतो. पूर्वज रंगारी. लुगडी रंगवायची, कापडावर ठसे छापायचे, हा घरचा धंदा. आजोबांपर्यंत तो कसाबसा तगला. मग वडील बँकेत लागले आणि आम्ही कुवेंपुनगरात राहायला आलो. धंदा गेला, पण रंगाची घमेंड राहिली. आमच्याकडे दुकानातल्या दिव्याखाली कुणी साडी घेत नाही. ती बाहेर फुटपाथवर आणून उन्हात उलगडायची, दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी. वांगी, हळद, लग्नाचा शालू, सगळ्याचा निवाडा रंगावर. रंग ओळखायला आपल्याला कुणी शिकवू नये, हे मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आले.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. टी. नरसीपूरच्या अलीकडे एका गावात दिली होती. तिथले लोकही आमच्यातलेच, पण त्यांनी कापड सोडून शेती धरली होती. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. कालव्याखालची भाताची जमीन दीर बघायचा. वरच्या अंगाला दीड एकराचा एक तुकडा होता, तांबडा, मुरमाड, कालव्याचं पाणी न चढणारा. तिथे हुलगे पेरायचे आणि देवावर सोडायचे. तो तुकडा दिराने आत्याला सांगून टाकला होता, "तुला काय करायचं ते कर, वैनी." ज्या तुकड्यातून काही निघत नाही तोच असा उदारपणे दिला जातो.

मी शेतकीची पदवी घेतली, काही महिने नाशिककडे द्राक्षबागांत काम शिकले आणि कडकोळच्या पुढे नव्याने उभ्या राहिलेल्या एका वाइन कंपनीत लागले. शेतकऱ्यांना वेली लावायला लावायच्या, त्यांना सल्ला द्यायचा, हे माझं काम. मुरमाड जमीन बघितली की माझे डोळे लकाकायचे, कारण वाइनच्या द्राक्षांना नेमकी तशीच लागते. साहजिकच पहिली धाड आत्याच्या तुकड्यावर पडली.

तिने बोअर मारलं, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, शिराज जातीच्या वेली लावल्या. तीन वर्षं ती त्या वेलींमागे अशी राबली की दीर चेष्टेने म्हणायचा, वैनीला उतारवयात दीड एकर लेकरं झाली. भजनी मंडळात मात्र तिने सांगून ठेवलं होतं, "ज्यूस फॅक्टरीला देते मी." वाइनला ती घरातही 'कशाय' म्हणायची, काढा म्हणावं तसं. मी हसले की म्हणायची, "हसतीस काय? औषधालाच घेतात नं लोकं? मग?"

चौथ्या वर्षी कंपनीच्या वाइनमेकर साहेबांनी तिची बाग पाहिली. ते नाशिककडचे, कमी बोलणारे. त्यांनी मूठभर माती उचलली, वेलींकडे बघितलं आणि म्हणाले, "यंदा माल चांगला निघाला तर या तुकड्याची वाइन वेगळी ठेवू. दुसऱ्या कुठल्या मालात मिसळायची नाही. बाटलीवर या गावाचं नाव टाकू."

आत्याला आधी कळेना. मी समजावलं. एक टाकी फक्त तुझी. लोक बाटली हातात घेतील तेव्हा तुझ्या तुकड्याचं नाव वाचतील. ती पदराने उगाच हात पुसत म्हणाली, "या वाळल्या जमिनीला नाव?" आणि त्या दिवसापासून तिने ध्यासच घेतला. दिरानेही कान टवकारले होते. तो म्हणाला, एक वर्ष आणखी बघू, नाव झालं तर वैनीचं, नाही तर नारळ लावू. म्हणजे तिच्या बागेचं सगळं त्या एका हंगामावर आलं, आणि हंगाम माझ्या हातात.

डिसेंबर सरता सरता मण्यांत पाणी उतरायला लागलं. हिरवा कडक मणी मऊ पडून रंग धरायला लागतो त्याला बागायतदार असं म्हणतात. इथे ठिबक कमी करायचं असतं. मी आत्याला सांगितलं, निम्म्याहून कमी कर. तिचा जीव कासावीस. खाली कालव्याच्या पाण्यात दिराचा भात घोटाभर उभा, आणि वर हिच्या वेलींना मोजून घोट. तेव्हा मी तिला आमच्याच घरातली गोष्ट ऐकवली. आजोबा म्हणायचे, पहिल्या बुडीनंतर कापड खडखडीत वाळू द्या, तहानलेलं कापड दुसऱ्या बुडीला रंग जास्त पितं. "वेलीचंही तसंच आत्या," मी म्हटलं. आत्या लहानपणी रंगाच्या हंड्यांजवळ खेळलेली. हे तिला पुस्तकापेक्षा लवकर पटलं. "हौदू, खरंय, आप्पा तसंच म्हणायचे," म्हणाली आणि पाणी कमी केलं.

आणि रंग आला, असा आला की मी थक्क. बाकीच्या शेतकऱ्यांचे घड अजून तांबूस होते तेव्हा आत्याचे काळेभोर झाले होते. मणी बोटात चुरडला की बोट दोन दिवस जांभळं. मी तो मणी उन्हात धरून बघायची, आत्याही बघायची, आणि आम्ही दोघी रंगाऱ्याच्या पोरी एकमेकींकडे बघून हसायचो. त्या हसण्याची आठवण झाली की मला अजून शरम वाटते. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी काय केलं? पाणी पूर्ण तोडलं. एवढ्याशा तहानेने असा रंग, तर आणखी तहानेने काय होईल, हे माझं गणित. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेत पाच मार्कांना आली होती.

पहिल्यांदा आत्याने विचारलं ते दहाएक दिवसांनी. "पुट्टी," म्हणाली. मी एवढी घोडी झाले तरी ती मला छकुली म्हणावं तशी पुट्टीच म्हणायची. "पुट्टी, खालची पानं पिवळी पडायलीत बघ. स्वल्प पाणी सोडू का?"

"नको. खालची पानं म्हातारी असतात, पडतात."

दुसऱ्यांदा तिने मला भर दुपारी बागेत नेलं. "हात लाव पानाला. तापलंय कसं बघ, नोड." खरंच तापलं होतं. पानाला पाणी मिळत असलं की ते दुपारीही हाताला गार लागतं. तापलं म्हणजे पानाने आपली बारीक तोंडं मिटून घेतली, आता ते साखर बनवत नाही, नुसतं जीव धरून आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या खिशात साखर मोजायची नळी होती, तिच्यावर एक थेंब पिळून मी आकडा बघितला. आकडा चढलेला होता. मी तो आत्याला दाखवला. "बघ, साखर वाढतेच आहे." साखर वाढत नव्हती. मणी आतून आटत होता, म्हणून उरलेल्या रसात ती दाट दिसत होती. दूध आटवलं की गोड लागतं, त्यात कुणी साखर घातलेली नसते. आत्याला दूध आटवणं माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण नळी माझ्याकडे होती.

तिसऱ्यांदा तिने विचारलंही नाही. मी गेले तेव्हा ती व्हॉल्व्हजवळ उकिडवी बसलेली होती, हात चाकावर. "एक तासभर," म्हणाली. "जास्त नको. एक तास. अय्यो, बघवत नाही गं मला."

मी तिचा हात धरून चाकावरून काढला. रागाने नाही, हसत हसतच. वर म्हटलं, "आत्या, तुझ्या मायेनेच बिघडेल सगळं. मला शिकवू नकोस." शेजारचा म्हातारा शेतकरी बांधावरून बघत होता. तो कन्नडमध्ये एवढंच म्हणाला की वेल मरेल अम्मा. मी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. आत्या उठली, पदर झटकला, "सरी, बरं. तू शिकलेली," म्हणाली आणि घरी चहा ठेवायला गेली.

त्या एका तासाने बाग वाचली असती. हे मी आज अंदाजाने म्हणत नाही. नंतरच्या वर्षांत मी कितीतरी बागा त्या एका तासाने सावरल्या.

काढणीच्या दिवशी मण्यांवर सुरकुत्या होत्या. मी एक मणी फोडून बी चावली. पिकलेल्या द्राक्षाची बी तपकिरी असते, भाजलेल्या दाण्यासारखी कुडकुडते. ही हिरवी निघाली, दातात चिवट. साल म्हणत होती मी तयार आहे, बी म्हणत होती मी अजून कच्ची. मला त्या क्षणी सगळं कळलं. आता पाणी सोडूनही उपयोग नव्हता. मी बी थुंकली आणि आत्याला म्हटलं, "मस्त."

काही महिन्यांनी साहेबांनी आत्याला युनिटवर बोलावलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, डोक्यात मल्लिगेचा गजरा माळला होता. माझ्या स्कूटरवर मागे बसून ती कडकोळपर्यंत आली. पांढऱ्या फरशीच्या खोलीत साहेबांनी तीन ग्लासांत वाइन ओतली. ग्लास खिडकीशी धरला. "रंग बघा," म्हणाले. "असा रंग यंदा कुणाचाच नाही." आत्याने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा इतका फुलला होता की मी नजर फिरवली. मग साहेबांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला. आत्याने देवाचं नाव घेऊन ओठ लावले आणि लगेच ओळखलं. लहानपणी हंड्यांजवळ चाखून बघितलेली चव. "हिरड्याचं पाणी," ती हळूच म्हणाली. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून आमच्याकडे ते हिरड्याच्या पाण्यातून काढायचे. जीभ टाळूला चिकटते, तसंच लागत होतं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "नुसता तुरटपणा. फळ नाहीच. बी कच्ची असताना माल आलाय. वेली फार ताणल्या गेल्या." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "शेवटचं पाणी कधी दिलं होतं?"

नोकरी जाईल अशी भीती मला वाटली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. साहेब तसे नव्हते. फार तर दोन शब्द बोलले असते, पुढच्या वर्षी लक्ष ठेवा म्हणाले असते. ते दोन शब्द मला ऐकवत नव्हते, एवढंच. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं सर. रंग भरल्यावर तीनदा सांगितलं, आता थोडं पाणी सोडा म्हणून. त्यांनी सोडलं नाही. घरच्या आहेत ना, माझं कोण ऐकतंय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान ओरडतो. मी हे अगदी समजूतदारपणे, थोडं हसून म्हटलं. आणि सगळं मराठीत, आत्याच्या समोर, हातभर अंतरावर.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या ओळखीच्या माणसाला नक्की कुठे बघितलंय ते आठवताना आपण बघतो, तसं काहीसं ते पाहणं होतं. मग ग्लास टेबलावर ठेवून ती साहेबांना म्हणाली, "हौदू सर. माझंच चुकलं. पोर सांगत होती."

परतताना ती स्कूटरवर माझ्या खांद्याला धरून बसली होती. घरी उतरल्यावर म्हणाली, "जेवून जा," आणि मी जेवले.

तिची वाइन दुसऱ्या मालात मिसळून टाकली. रंगाला उपयोगी पडली, म्हणे. पुढच्या छाटणीनंतर वेलींना घडच फारसे धरले नाहीत. आदल्या वर्षी उपाशी राहिलेल्या खोडात साठाच नव्हता. दिराने शब्द पाळला, नारळ लावले. आत्या भांडली नाही. वेली उपटल्या त्या दिवशी मी गेले नाही, मला काम होतं. काम नव्हतं.

माझं मात्र चांगलं झालं. पाण्याचा ताण या विषयात मी हळूहळू जाणकार समजली जायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, झालेही होते. त्या बागेने मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत मी उभी राहून सांगायची, आकड्यावर जाऊ नका, रंगावर तर मुळीच जाऊ नका, पानाला दुपारी हात लावा, बी चावून बघा. आणि दाखला द्यायची, एक बाई होत्या, त्यांना मी तीनदा सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. लोक माना डोलवायचे. तो दाखला मी किती वर्षं वापरला ते सांगण्याची मला हिंमत नाही. नातेवाइकांतही तो पसरला. कुणाच्या तरी मुंजीत एक काकू आत्याला हसून म्हणालेली मी ऐकली, "भाचीचं ऐकलं असतंस तर आज बाटलीवर नाव असतं की गं." आत्याही हसली होती. मी जिलबी वाढत पुढच्या पंक्तीला गेले.

खाई त्याला खवखवे. कंपनी सोडल्यावर, हाताशी वेळ आल्यावर, ते खवखवणं वाढत गेलं. आत्या तेव्हा सत्तरी ओलांडून गेली होती, गुडघे धरले होते, पण डोकं लख्ख. कुणाच्या मुलाचं लग्न कुठल्या साली झालं ते तिला विचारावं. एका सकाळी मी ठरवून बस पकडली. ती ओट्यावर बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. थंडीचे दिवस, शेंगांचा वास हातांना लागलेला. मीही पुढ्यात बसून सोलायला लागले. पुष्कळ शेंगा झाल्यावर एकदाचं तोंड उघडलं.

"आत्या, त्या वर्षी पाणी मी तोडलं होतं. तू सोडू म्हणत होतीस. मी सोडू दिलं नाही. साहेबांपुढे मी खोटं बोलले."

तिने शेंग तशीच धरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता येईल ते येऊ दे. मी त्यासाठीच आले होते.

"काय बोलतीस हे?" ती म्हणाली. "तू तर किती जीव तोडून सांगितलंस मला. तीन खेपा सांगितलंस. मीच हट्टी. कापड वाळल्याशिवाय रंग पीत नाही, असं मीच म्हणत बसले नं, आप्पांचं ऐकून."

"नाही आत्या. ते मी म्हटलं होतं. तू..."

"उग्गी राहा. माझ्यावर पांघरूण घालू नको आता. एवढं कळतं मला."

मी पुन्हा सांगितलं. पिवळी पानं, तापलेली दुपार, तासभर पाण्याची तिची विनवणी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली, लहान मुलाच्या थापेला हलवावी तशी. ती नाटक करत नव्हती. मी तिला जन्मभर ओळखते, तिला नाटक येत नाही. इतकी वर्षं ज्याने त्याने तिला तेच सांगितलं होतं, तीही ज्याला त्याला तेच सांगत आली होती, आणि आता तिला खरंच तसंच आठवत होतं. माझ्या जागी ती होती, तिच्या जागी मी. तिथून तिला परत आणायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. साक्षीला म्हणावं तर तो बांधावरचा म्हातारा, तो केव्हाच गेला.

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझा हात हातात घेतला.

"माझ्यापायी तुझी मान खाली गेली त्या दिवशी, मोठ्या साहेबांपुढे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "किती वर्षं म्हणेन म्हणेन करत होते, जीभ रेटली नाही. माफ कर गं पुट्टी मला."

ती वाट बघत होती. माझा हात तिने सोडला नव्हता, आणि उत्तर मिळेपर्यंत ती सोडणार नव्हती.

"असू दे आत्या," मी म्हटलं. "झालं ते झालं."

"मनात नाही नं तुझ्या काही?"

"नाही."

तिने मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले. मोकळं वाटलं बघ आज, म्हणाली.